मानपत्रातील विशेषण

बापूसाहेबांना एक्याऐंशीवे वर्ष लागले. त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे मानपत्र लिहिण्याचे काम जयपूरच्या मराठी मंडळींनी माझ्याकडे सोपविले, तेव्हा 'निष्कलंक' हे विशेषण मी सहज लिहून गेलो. चाळीस वर्षे संस्कृत शिकविलेल्या माणसाची लेखणी अशा शब्दांपाशी अडत नाही. रेल्वेच्या कार्यालयातून निवृत्त झालेला, कोणाविषयी वावगे न बोलणारा हा गृहस्थ. आणखी काय हवे?

त्याच आठवड्यात त्यांची सून, निलयची पत्नी अनुया, आमच्या वैशाली नगरातील घरी आली.

"काका, बाबा दर गुरुवारी राजा पार्कातल्या वाचनालयात जातात ना?"

"मला तरी तसेच सांगतात."

"मग धुवायच्या सदऱ्यात बस्सी गावच्या बसचं तिकीट कसं निघतं? एकदा नाही, चारदा! आणि डब्यात माझे बेसनाचे लाडू नेतात. मतलब, वाचनालयात लाडू कोण खातं?" तिने आवाज उतरविला. "निलयला मी अजून बोलले नाही. तुम्हीच बघा. मानपत्राखाली सही तुमची असणार आहे."

शंका एकदा मनात आली की जुने गुणही निराळे दिसू लागतात. बापूसाहेबांचे मितभाषण मला लपवाछपवी वाटू लागले. नमस्कार करताना खाली जाणारी त्यांची दृष्टी अपराध्याची वाटू लागली. या वयात दुसरे घर? असा विचार मनात यावा याची लाज वाटली, तरी तो विचार गेला नाही.

गुरुवारी मी त्यांच्याच बसमध्ये शेवटच्या आसनावर बसलो. बस्सीला उतरून त्यांनी पपई घेतली आणि मागे न वळताच म्हणाले, "शास्त्रीबुवा, पाठलाग करायचा तर हे जरीकाठी उपरणं घरी ठेवावं. सबंध बसमध्ये तुम्ही एकटेच चकाकत होतात."

मी उपरणे काढून काखेत धरले.

"आलाच आहात, तर चला."

एका लहानशा घराचे दार वृद्ध स्त्रीने उघडले. माझ्या शंकेने पुन्हा डोके वर काढले.

"जयभीम, भीमाबाई," बापूसाहेब म्हणाले.

"जयभीम. हे कोण?"

"माझं मानपत्र लिहिणारे."

"असं होय!" तिने मला नखशिखान्त न्याहाळले. "मग आत या. ऐका."

आत खाटेवर तिचे पती गुलाबराव बसले होते. स्मृती गेलेली. बापूसाहेबांना पाहताच ते आनंदले. "या, या! किती दिवसांनी!" म्हणत त्यांनी हात पुढे केला. बापूसाहेबांनी तो घेतला नाही. ते उभेच राहिले.

"गुलाबराव, मी तुमचा साहेब होतो. गोपनीय अहवालात मी तुम्हाला कामचुकार लिहिलं. ते खोटं होतं. तुमची बढती त्यामुळं गेली. तुम्ही माझी चूक दाखवली होती, म्हणून लिहिलं. आणि तुम्ही आमच्यातले असता, तर लिहिलं नसतं."

पुढे केलेला हात हळूहळू मागे गेला.

"नालायका," गुलाबराव म्हणाले, "चालता हो!"

बापूसाहेब बाहेर जाऊन पायरीवर बसले. भीमाबाईंनी लाडवांचा डबा फळीवर ठेवला आणि त्या पपई चिरू लागल्या. माझे मन अजून निवळले नव्हते.

"आजारी माणसाची जखम दर आठवड्याला उघडायची, हा कसला पश्चात्ताप? यात समाधान कोणाचे?"

"हा नेम मीच लावलाय त्यांना," भीमाबाई म्हणाल्या. " पहिल्यांदा आले तेव्हा यांनी दोस्त समजून हात धरला. तुमच्या साहेबांनी तो धरू दिला आणि रडत बसले. मी म्हटलं, हात असा फुकट घ्यायचा नाही. आधी सांगायचं. मग यांनी दिला तर घ्यायचा."

"देतात?"

"कधी देतात. कधी चप्पल फेकतात."

"आणि तुम्ही क्षमा केलीत?"

"मी? नाही. पपई घ्या."

परतीच्या बसमध्ये बापूसाहेबांनी विचारले, "आता काय लिहिणार?"

"ते विशेषण काढतो."

"त्या जागी?"

ज्याला निष्कलंक म्हणणार होतो, त्याला मी ओळखतच नव्हतो. आज ज्याची ओळख झाली, त्याला काय म्हणावे ते कळेना. "खरे सांगू?" मी म्हणालो, "हे तुम्ही त्यांच्यासाठी करता की स्वतःसाठी, याची मला अजून शंका आहे."

"मलाही," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

बापूसाहेबांच्या घरी दार अनुयाने उघडले. तिने त्यांच्याकडे नव्हे, माझ्याकडे पाहिले. मी खाली वाकून चपला काढू लागलो.

"अनुया, गॅस बंद कर," बापूसाहेब म्हणाले. "निलयलाही बोलाव. वाचनालयाचं मी खोटं सांगत होतो. मानपत्राआधी तुम्हाला एक सांगायचं आहे."

हे घरचे बोलणे, म्हणून मी निघू लागलो. त्यांनी माझे मनगट धरले.

"थांबा, शास्त्रीबुवा. तुम्ही नसलात, तर मी शेवटचं वाक्य गाळीन, 'आमच्यातले असता' ते."

मी खुर्ची ओढून बसलो.