टाकीवरची तीन बोटं

“टाकी इथेच झोपणार असेल तर मी हॉलमध्ये जाते,” दाक्षायणम्मा उशी काखेत मारून म्हणाल्या. दुपारचं जेवण झालं होतं आणि त्यांना घटकाभर पाठ टेकायची होती.

“हॉलमध्ये इंजिन आहे,” गुरुसिद्दप्पा म्हणाले.

हे खरं होतं. न्हाणीघरात मडगार्ड होते, चाकं शिवणयंत्राला टेकून उभी होती आणि कार्ब्युरेटर गेल्या सोमवारी इडलीपात्रात उकळून निघाला होता. त्यानंतरच्या इडल्यांना पेट्रोलचा किंचित वास आला. शेजारच्या कुशालप्पांनी त्यातल्या सहा खाल्ल्या आणि टाकी भरली, आता आपण एकदम मडिकेरीलाच थांबू असं जाहीर केलं.

टाकीला धूळ चालत नव्हती. घरात धूळ नसलेली जागा म्हणजे मच्छरदाणी लावलेला पलंग. तिथे जावा मोटरसायकलची ती मरून टाकी दुपट्यावर निजली होती आणि बघायला येणाऱ्यांना गुरुसिद्दप्पा आधी पाय धुवायला लावत. एक बाई तर चुकून झबलं घेऊन आली होती. ते त्यांनी ठेवून घेतलं; पुसायला मऊ पडतं म्हणून.

म्हैसूरच्या यादवगिरीतल्या कारखान्यात त्यांनी सत्तावीस वर्षं एकच काम केलं होतं: मोटरसायकलच्या टाकीवर सोनेरी रेघ ओढणं. खारीच्या केसांचा ब्रश, करंगळी टाकीच्या कडेला टेकलेली आणि श्वास रोखलेला. श्वास सुटला की रेघ सुटली. रोजच्या साठ टाक्या, दोन्ही बाजू धरून एकशेवीस रेघा. त्या सगळ्या फाटकाबाहेर गेल्या आणि परक्यांच्या गुडघ्यांना घासून झिजल्या. स्वतः गुरुसिद्दप्पा सायकलवरून यायचे आणि सायकलवरून जायचे. मग कारखाना बंद पडला.

बहात्तराव्या वर्षी त्यांना नंजनगूडच्या एका खानावळीमागे सदुसष्ट सालची जावा सापडली. तिच्या सीटवर एक कोंबडी राहत होती. मालकाने गाडी दिली, कोंबडी दिली नाही.

बाकी सगळं जमलं. रेघ तेवढी राहिली. वर्षभरापासून त्यांचा उजवा हात थरथरत होता. आता हे वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि हाताचं काही काम राहिलंय का, अशी चौकशी केली.

“एक रेघ ओढायची राहिलीय.”

“मग लवकर ओढा,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

कुशालप्पांनी सुचवलं की बंगळूरला हुबेहूब तसली रेघ चिकटपट्टीत मिळते. त्यावर गुरुसिद्दप्पा चार दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. दोन्ही घरांत मिळून एकच पेपर येत असे. तो या चार दिवसांत कुंपणावरून जात राहिला, पण कुशालप्पांच्या आवडीचं हॉकीचं पान काढून घेऊन.

तेरा वेळा त्यांनी रेघ ओढली आणि तेरा वेळा पुसली. दर वेळी ती नकाशातल्या कावेरीसारखी यायची. आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, आदल्या दिवशी सकाळी मात्र हात थरथरायचं विसरला. एका दमात डावीकडची रेघ आली, दुसऱ्या दमात उजवीकडची. ती सुकल्यावर संध्याकाळी त्यांनी वरून पारदर्शक रोगणाचा हात दिला. मच्छरदाणी सणासाठी धुवायला काढली होती, म्हणून टाकी देवघरात नेऊन ठेवली. मग कुशालप्पांकडे जाऊन त्यांनी हॉकीची चारही पानं परत केली. बायकोला सांगायचं तेवढं राहून गेलं.

रात्रभर पावसाळी दमट हवा होती. रोगण सुकलं नाही.

पहाटे अंघोळ करून दाक्षायणम्मांनी पूजा मांडली. आयुधपूजेला राबणारी वस्तू वगळायची नसते. शेगडी, मिक्सर, कात्री, शिवणयंत्र, टीव्हीचा रिमोट, यजमानांचा चष्मा आणि वाटीतली त्यांची कवळी, सगळ्यांना तीन बोटं भस्म आणि मधे कुंकू लागलं. टाकी तर देवघरातच होती.

गुरुसिद्दप्पा आले तेव्हा त्यांच्या सोनेरी रेघेवरून तीन पांढरे पट्टे आडवे गेले होते. ते ओल्या रोगणात पुरते रुतले होते. गुरुसिद्दप्पा खाली बसले.

“पुसू?” दाक्षायणम्मांनी हळूच विचारलं. काय झालं ते त्यांना चेहऱ्यावरूनच कळलं होतं.

प्रसादाला आलेले कुशालप्पा बघून तसेच मागे फिरले आणि थिनरची बाटली घेऊन आले. पाच मिनिटांचं काम आहे, स्वामी, पुसा आणि नवी ओढा, असं त्यांचं म्हणणं पडलं. गुरुसिद्दप्पांनी फडकं भिजवलं. हात असा हलला की थिनरचे थेंब कुशालप्पांच्या सणाच्या शर्टावर उडाले. नवी रेघ होणार नव्हती, हे मग तिघांनाही कळलं.

पुसण्याआधी एकदा नीट बघावं म्हणून त्यांनी चष्म्यावरचं भस्म पुसलं आणि तो डोळ्यांवर चढवला. तिन्ही पट्टे सरळ होते. दोन पट्ट्यांमधली जागा सारखी होती, कडा कुठे फाटली नव्हती.

“अगं, हे ओढताना तू श्वास रोखतेस?”

“मग? नाहीतर भस्म उडतं.”

“कधीपासून?”

“लग्नाच्या आधीपासून. आईने शिकवलं.” त्या जरा थांबल्या. “तुम्ही पहिल्या पाळीला गेलेले असायचात.”

गुरुसिद्दप्पांनी बाटलीला बूच लावलं. चार दिवसांनी ऊन पडल्यावर त्यांनी रेघ, भस्म आणि कुंकू या सगळ्यांवरून रोगणाचा आणखी एक हात दिला.

डिसेंबरात म्हैसूरला जुन्या गाड्यांचा मेळावा भरला. पाठीमागे दाक्षायणम्मांना बसवून ते वेळेच्या दोन तास आधी पोहोचले. एकोणीस गाड्या होत्या. एक टेम्पोतून आली होती, कारण तिला इंजिनच नव्हतं. कागद घेतलेला तरुण परीक्षक एकेक स्क्रू बघत त्यांच्या टाकीपाशी आला. पट्टे मूळचे नाहीत, असं तो सौम्यपणे म्हणाला आणि त्याने गुण कापले. गुरुसिद्दप्पांनी हरकत घेतली नाही.

मग तो वाकला आणि भस्माखालच्या सोनेरी रेघेवर त्याने बोट धरलं, टेकवलं नाही.

“ही मात्र कारखान्यातलीच,” तो म्हणाला. “असा हात आता कोणाचा राहिला नाही.”

त्याने त्या रकान्यात पूर्ण गुण लिहिले. दाक्षायणम्मा काहीतरी सांगायला पुढे झाल्या. गुरुसिद्दप्पांनी मानेनेच त्यांना नको म्हटलं आणि उजवा हात खिशात घातला.