चोर ओळखणारी पेटी

हॉटेलच्या भोजनगृहातली टेबलं भिंतीला लावून मधोमध एकच खुर्ची ठेवली होती. समोर तिपाईवर एक काळी पेटी. पेटीला डोळ्याएवढं भिंग, वर दोन दिवे, एक लाल आणि एक हिरवा. स्वयंपाकी, वाढपी, खोल्या झाडणाऱ्या बायका, सगळे माना उंचावून बघत होते. कालपासून पेटीनं चमत्कार मांडला होता: समोर माणूस बसवा, मनातला चोर बाहेर!

पेटी आणणारे गृहस्थ स्वतःला प्रोफेसर म्हणवत. कुठल्या कॉलेजात, हे विचारायची कुणाची छाती झाली नव्हती.

"क्वांटम संगणन! कृत्रिम मज्जातंतू! यंत्रदृष्टी! सांकेतिक लिपीशास्त्र!" ते एकेक बोट दुमडत म्हणाले. "संगणकशास्त्राच्या जेवढ्या शाखा, तेवढ्यांतले ताजे शोध या पेटीत उतरलेत. माणूस खोटं बोलतो, ही बोलत नाही!"

धुणीभांडी करणंच काय ते पेटीचं बाकी होतं.

दाराशी उभी असलेली शिक्षिका पेटीकडे बघत नव्हती. ती कोपऱ्यात खाली मान घालून बसलेल्या आपल्या वडिलांकडे बघत होती. अण्णा या हॉटेलच्या धुलाईघरात इस्त्री करत, ती फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून. एका पाहुणीचं सोन्याचं कडं नाहीसं झालं, मालकांनी पेटी बोलावली आणि काल पेटीनं अण्णांवर लाल दिवा लावला. आज संध्याकाळी त्यांना पोलिसांच्या ताब्यात देणार होते.

त्याहून वाईट गोष्ट काल घरी घडली होती. अण्णा भरल्या ताटावरून उठले आणि म्हणाले, "पोरी, मीच घेतलं असेल."

"अण्णा, काहीतरीच काय बोलता?"

"यंत्राचं माझ्याशी काय वैर? वाफेनं डोकं बधिर होतं गं. हातानं उचललं असेल, ध्यानात राहिलं नसेल."

सकाळी त्यांनी मालकांनाही हेच सांगितलं. कडं कुठंय म्हणून दरडावल्यावर बिचारे म्हणाले, बॉयलरमागं असेल. बॉयलरमागची फरशी उखडली. निघाली झुरळं. तरी एकालाही शंका आली नाही. उलट, "म्हातारा पक्का निघाला, माल केव्हाच हलवला," असं ठरलं. अण्णांच्या हातच्या इस्त्रीचे कपडे घालून जी माणसं लग्नाला उभी राहिली होती, ती आता त्यांच्याजवळून जाताना खिसे दाबत होती. अक्कल गहाण पडली की लाजही तिच्याबरोबर जाते.

माल कुणाकडे हलवला ते शोधायला उरलेल्यांची तपासणी सुरू झाली. पहिला बसला वॉचमन. हिरवा!

"अहो, हा साखरेची पोती गिळतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे!" स्वयंपाकी ओरडला.

"पेटीला आपल्यापेक्षा जास्त कळतं," मालकांनी दटावलं.

कॅशियर हिरवा. मॅनेजर हिरवा. मग धुलाईघरात कपडे पिळणारा बसला. लाल! तो हमसून रडायला लागला.

"पाहिलंत? साथीदार!" प्रोफेसरांनी टाळी वाजवली.

त्या टाळीसरशी शिक्षिकेला पेटी सोडून माणसं दिसली. धुलाईघरात जीव नको करणारा उकाडा, तिथले सगळे बनियनवर. बाकीचे शर्टात. वॉचमनच्या गणवेशालासुद्धा ताठ कॉलर होती.

"सर, एक विचारू?" ती पुढं आली. "चोर कोण आणि साव कोण, हे पेटीला शिकवलं कसं?"

प्रोफेसर फुलले. "हजारो फोटो दाखवून, बाई! चोरांचे पोलिसांच्या दप्तरातले. प्रामाणिक माणसांचे मोठमोठ्या कंपन्यांच्या वेबसाइटवरचे."

"त्यांच्या गळ्यात कॉलर असेल."

"असणारच! सभ्य माणसं ती."

"मग अण्णांना पुन्हा बसवा. फक्त मालकांचा शर्ट घालून."

मालक हसले. "बाई, शर्ट बदलून मन बदलतं होय?"

"नाही ना? मग भ्यायचं कशाला?"

चारचौघांत सापडलेले मालक बटणं सोडू लागले. अण्णांनी आधी बनियनला हात पुसले, मग शर्ट चढवला आणि सवयीनं कॉलर सारखी केली. बसले. हिरवा!

"आता तुम्ही, मालक."

बनियनमधलं पोट सावरत मालक टेकले. लाल! ठसठशीत लाल.

"मालक, कडं कुठंय? बॉयलरमागं का?" मागून कुणीतरी विचारलं, आणि भोजनगृह हसून हसून कोसळलं. प्रोफेसर पेटी उचलून दाराकडे सरकले. लोकांनी त्यांना धरलं, पेटी पुन्हा तिपाईवर ठेवली, त्यांचा शर्ट उतरवला आणि त्यांना खुर्चीत आदळलं. लाल! काल अण्णांवर थुंकलेलीच तोंडं आज त्यांच्यावर थुंकली. शिक्षिकेनं लगेच अडवलं नाही. तिला ते दृश्य गोड वाटलं, हे खरं आहे.

मग ती म्हणाली, "सोडा त्यांना. संगणकशास्त्र खोटं नाही. चित्र ओळखणारी यंत्रं आहेत, डॉक्टर ती वापरतात. पण यंत्र दाखवाल तेच शिकतं. माझ्या वर्गातल्या मुलांनी एका यंत्राला कुत्री-मांजरं शिकवली. कुत्र्यांचे सगळे फोटो हिरवळीवरचे होते. मग हिरवळीवरचं मांजर दाखवलं, तर यंत्र म्हणालं, कुत्रा! मुलांनी लगेच विचारलं, बाई, असं का? तुम्ही थोरामोठ्यांनी विचारलं नाही, कारण पेटीचं उत्तर तुमच्या मनात आधीच होतं: बनियनवाला तो चोर. यंत्र काय म्हणालं यावर जाऊ नका. कशावरून म्हणालं, ते विचारा. सांगता येत नसेल तर तो चमत्कार नव्हे, थाप आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काल प्रोफेसरांसाठीही वाजवल्याच होत्या.

काही दिवसांनी पाहुणीचा फोन आला. कडं तिच्याच बॅगेच्या अस्तरात सापडलं होतं. शिक्षिका धावत धुलाईघरात गेली. अण्णा मालकांचा तोच शर्ट इस्त्री करत होते. मालकांनी तो धुऊन मागितला होता.

"अण्णा, कडं सापडलं! तिच्याच बॅगेत होतं!"

अण्णांनी इस्त्री उभी केली. आपले दोन्ही हात उलटेपालटे करून बराच वेळ पाहिले.

"मग मी काय चोरलं होतं गं?" त्यांनी विचारलं.