उपद्रवाची मोजणी

धारवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे ती नगरपालिकेवर, असं त्याची सून समजत होती. खरं तर निम्मी आग त्याची स्वतःवरच होती. ज्या नियमाने त्याचं धार लावायचं चाक चौकातून उठणार होतं, तो नियम त्याच्याच अर्जावरून निघाला होता. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात, पण धोंड्यासाठी रीतसर अर्ज करणारा हा एकटाच.

आठ महिन्यांपूर्वी चौकातल्या मोबाईलवाल्याने दुकानाच्या भिंतीवर भलामोठा कर्णा लावला आणि सकाळपासून एकच जाहिरात ओकायला सुरुवात केली. बाकीच्यांच्या डोक्याची मंडई झाली, एवढंच. धारवाल्याचं कामच बसलं. कात्रीची धार डोळ्याने कळत नाही. पातं दगडाला टेकलं की आधी खरखरतं, कोन नीट बसला की आवाज बारीक होत जातो, आणि एका क्षणी नुसती शीळ उरते. तिथे हात उचलायचा. एक घासा जास्त झाला की धार गेली. चाळीस वर्षं तो हे कानाने करत आला होता, आणि आता त्या कानात दिवसभर 'एकावर एक मोफत' ओतलं जात होतं.

शिंपीणबाई एकच कात्री दोनदा परत घेऊन आल्या, त्या दिवशी तो सुनेला म्हणाला, "लिही गं अर्ज. सार्वजनिक जागी आवाजाचा उपद्रव होतो, असं लिही."

सुनेने झकास अर्ज लिहिला. फारच झकास. नगरपालिकेने तो वाचून उपद्रवाचा अख्खा नियमच दुरुस्तीला काढला.

सभेच्या दिवशी दोघं मागच्या बाकावर बसली. अध्यक्षबाईंनी दुरुस्ती वाचली. रस्त्यावर, पदपथावर, चौकात आवाज करणारा कोणताही उद्योग बंद. स्वतःच्या गाळ्यातून होणारा आवाज मात्र व्यवसायाचा भाग, त्याला सूट.

"या दुरुस्तीचं श्रेय एका जागरूक नागरिकाला जातं," बाई म्हणाल्या. "काका, उभे राहा बघू."

टाळ्या पडल्या. धारवाला उभा राहिला.

"बाई, मी त्या कर्ण्याची तक्रार केली होती."

"तुमच्या भावना सभागृहापर्यंत पोचल्यात."

"भावना कसल्या? कर्णा आहे तो, भिंतीवर टांगलेला. तुम्ही त्याला सोडलंत आणि माझं चाक धरलंत."

"काका, हरकतदारांची यादी वेगळी आहे. तुम्ही अर्जदार, म्हणजे तुम्ही ठरावाच्या बाजूने. बसा आता."

हात वर झाले. दोन तेवढे खाली राहिले, त्यातला एक झोपला होता.

घरी जाताना सून रडवेली झाली. "मामंजी, माझंच चुकलं. कर्णा असा शब्दच लिहिला नाही मी."

"तू काय चुकतेस? तोंडाने सांगणारा मी होतो," तो म्हणाला. त्या रात्री सुनेने नव्या नियमाचा कागद त्याला सबंध वाचून दाखवला.

सोमवारी निरीक्षक आवाजाचं यंत्र घेऊन आला. मागे चाक न्यायला टेम्पो. जप्तीआधी आवाज मोजायचा आणि मोजताना भोवती शांतता हवी, असा नियम. निरीक्षकाने मोबाईलवाल्याला हाताने खूण केली. कर्णा बंद झाला.

धारवाल्याने शिंपीणबाईंची कात्री दगडाला लावली, आणि कर्णा लागल्यापासून पहिल्यांदाच त्याला पात्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला. कोन चुकलेला होता. आठ महिन्यांत हात अंदाजाने चालत चालत वाकडा झाला होता, आणि त्याला पत्ताच नव्हता. अर्ध्या गावाच्या कात्र्या त्याने स्वतःच्या हाताने नासवल्या होत्या. त्याने मनगट जरा वळवलं. खरखर ओसरली. रागाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

निरीक्षकाने आकडा टिपला. "मर्यादेच्या वर आहे. थांबवा, काका."

"एकच पातं झालंय. उद्योग सुरू झाल्यापासून संपेपर्यंत मोजायचं, तुमच्याच कागदात आहे."

निरीक्षकाने कागद काढला, वाचला, आणि नाइलाजाने पुन्हा यंत्र धरलं.

दुसरं पातं झाल्यावर धारवाल्याने कात्रीसाठी थांबलेल्या शिंपीणबाईंना हाक मारली. "बाई, तुमच्या गल्लीत सांगा. आठ महिन्यांत मी धार लावलेली प्रत्येक कात्री घेऊन या म्हणावं. आत्ताच्या आत्ता."

बाई पदर खोचून निघाल्या. अर्ध्या तासात चाकापुढे रांग लागली. मोबाईलवाला तणतणत बाहेर आला. "साहेब, माझा कर्णा कधी चालू करू?"

"मोजणी चालू आहे," निरीक्षक त्याच्यावर खेकसला. "आत जा."

दुपार कलली. टेम्पोवाला आडवा होऊन घोरू लागला. यंत्र धरून निरीक्षकाचा हात दुखायला लागला, तो गयावया करत म्हणाला, "काका, चाक तर जाणारच आहे. मग कशाला हा हट्ट?"

धारवाल्याने मान वर केली नाही. "न्या की. मी कुठे अडवतोय? पण आठ महिने मी लोकांना वाईट काम दिलंय. ते निस्तरल्याशिवाय मी उठणार नाही. तुम्ही लिहा."

निरीक्षक खाली पदपथावर बसला आणि पुढचा आकडा लिहू लागला.