पाचवी तोटी

जोतिबाआप्पांनी आज पाण्याचा व्हॉल्व्ह उघडलाच नाही. सव्वीस वर्षं तेच गावाला पाणी सोडत होते. खालच्या गल्लीतल्या नळांना तोट्या नव्हत्या. पाणी गटारात जायचं आणि चढावरच्या शाळेची टाकी कोरडी राहायची. गाव कर्नाटकातलं; पंचायतीने आप्पांचा तक्रारीचा मराठी अर्ज परत केला, कन्नड अर्ज हरवला.

“आप्पा, पाणी सोडा की!” खालच्या गल्लीतला श्रेयांस ओरडला.

“आधी तोट्या बसवा.”

“ते सरकारचं काम हाय.”

“सरकारनं दिलत्या की रं! गेल्या साली मीच निपाणीहून आणून बसवलत्या. तुझी तुझ्या गोठ्यात हाय, बघून आलोय. शाळंत पोरं तहानेली बसत्यात, लाज न्हाय व्हय?”

श्रेयांस गोठ्याकडे वळला. त्याच्यामागोमाग आणखी चौघे घरी गेले.

पाचवी तोटी बसल्यावरच आप्पांनी व्हॉल्व्ह फिरवला.