नऊ नंबरचा रिपोर्ट

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात एक मुलगी होती, तिला सगळ्याजणी टेप म्हणायच्या. इंग्रजी तिला येत नसे, पण पाठ होई. डोळे मिटून ती पानंच्या पानं धडाधड म्हणे, आणि मध्ये कुणी नुसतं शिंकलं तरी थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. गेल्या वर्षी तोंडी परीक्षेत परीक्षक बाईंना नेमकी सर्दी झालेली. सकाळी सुरू झालेली टेप जेवणाच्या सुट्टीपर्यंत दुसऱ्या वाक्याच्या पुढे सरकली नाही म्हणतात. यात चिमूटभर तिखटमीठ असेल, पण ती नापास झाली हे खरं.

यंदाची परीक्षा वॉर्डातच होती. पेशंटच्या खाटेपाशी उभं राहून त्याचा रिपोर्ट इंग्रजीत द्यायचा, समोर मोठ्या सिस्टर आणि डॉक्टर. आपल्या भाषेतला एक शब्द निघाला की नापास. आणि या खेपेला नापास म्हणजे गाशा गुंडाळून मावशीच्या शिलाई मशीनवर बसायचं, हे घरी ठरलेलं.

"पण इंग्रजी लागतं कशाला?" ती मैत्रिणींना विचारी. "पेशंट तर आपल्याच भाषेत कण्हतात."

"मला परदेशी जायचंय," एक म्हणे.

"मला होणाऱ्या सासूबाईंवर छाप पाडायचीय," दुसरी म्हणे. "त्यांना येत नाही, तोवरच जमेल."

टेपला नुसतं पास व्हायचं होतं.

तिच्या वाट्याला नऊ नंबरची खाट आली. खाटेवर पोटदुखीने आलेले, घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा. डॉक्टर परमुलखातले, त्यांना इंग्रजीशिवाय काही कळत नसे. आजोबांशी ते हातवाऱ्यांनी बोलत, आणि आजोबा त्यांना हातवाऱ्यांनीच फसवत.

रोज दुपारी टेप आजोबांसमोर त्यांचाच रिपोर्ट घोकायची.

"आजोबा, कळतं का काही तुम्हाला?"

"अक्षर नाही. पण चाळीस वर्षं अडलेली घड्याळं ऐकलीत गं. तिसऱ्या वाक्याला तुझा काटा अडकतो. म्हण परत."

पंधरा दिवसांत काटा सुटला. आजोबांची पोटदुखीही थांबली. गुरुवारी त्यांना घरी सोडायचं ठरलं. परीक्षा शुक्रवारी.

गुरुवारी सकाळी आजोबा असे कण्हले, की आठ नंबरचा पेशंट स्वतःचे टाके विसरून पाणी द्यायला उठला. डॉक्टर चक्रावले. शुक्रवारी घशातून नळी घालून पोटात बघू, तोवर पोटात अन्नाचा कण नको, असं त्यांनी लिहून ठेवलं.

शुक्रवारी टेप ताप बघायला गेली. ताप नव्हता. नाडी ठणठणीत. काल पोटाच्या डाव्या बाजूला असलेला आजोबांचा हात आज उजव्या बाजूला होता. तिने हलकेच पोट दाबलं, उशीसारखं मऊ लागलं.

"दुखणं इकडे कसं आलं, आजोबा?"

"चालत आलं असेल." मग त्यांचा आवाज उतरला. "तुला माझंच पाठ आहे ना गं. एका दिवसात दुसऱ्याचं कुठून पाठ केलं असतंस? म्हटलं, परीक्षेपर्यंत थांबावं."

"अहो, घशातून नळी घालणार आहेत."

"घालू दे. मी काय घड्याळांच्या पोटात कमी हत्यारं घातली?" असं म्हणाले खरे, पण चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

तेवढ्यात मोठ्या सिस्टर, डॉक्टर आणि मागे अख्खा वर्ग खाटेपाशी आला. सिस्टरांनी मान हलवली. टेपने डोळे मिटले.

"पेशंट कम्प्लेन्स ऑफ सिव्हिअर पेन..."

आणि ती थांबली. कुणी शिंकलं नव्हतं. आता ही पहिल्यापासून सुरू होणार, म्हणून वर्गाने सुस्कारा सोडला. पाठ केलेलं म्हटलं तर ती पास होती आणि आजोबांच्या घशात नळी. आपल्या भाषेत खरं सांगितलं तर ती नापास, वर डॉक्टरांना कळणारही नव्हतं.

तिने डोळे उघडले आणि डॉक्टरांकडे बघितलं.

"सर, पेशंट नो पेन. ही टेल लाय. फॉर मी. फॉर माय एक्झाम. प्लीज, नो ट्यूब."

"हाऊ डू यू नो?" डॉक्टरांनी विचारलं.

हा प्रश्न तिच्या कुठल्याच पानावर नव्हता.

"यस्टरडे पेन धिस साईड. टुडे दॅट साईड. स्टमक सॉफ्ट, सर. आय टच. गिव्ह टी, सर. ही हंग्री."

डॉक्टरांनी स्वतः पोट दाबून पाहिलं. आजोबा छताकडे बघत राहिले, जणू पोट शेजाऱ्याचं आहे. डॉक्टरांनी कागदावरची नळी खोडली आणि चहा लिहिला.

"व्याकरणाचे सगळे गुण गेले," मोठ्या सिस्टर वहीत बघत म्हणाल्या. "पण पेशंट बघितलास, विचारलेल्याला उत्तर दिलंस. तेवढ्यावर पास होतेस. काठावर." मग आजोबांकडे वळल्या. "आणि तुम्ही चहा पिऊन घरी."

सगळे पुढच्या खाटेकडे गेले. टेपने चहा आणला. आजोबांनी बशीत ओतून तो दोन घोटांत संपवला.

"थांबलीस, पण अडकली नाहीस आज. काय सांगितलंस माझ्याबद्दल?"

"तुम्ही लबाड आहात म्हणून."

"ते सांगायला इंग्रजी कशाला लागतं?"

"डॉक्टरांना लागतं," टेप म्हणाली आणि त्यांची बशी पुन्हा भरली.