तिसरा हिच

तिसरा हिच आला तेव्हा मी खोकं उघडलंच नाही. गाडीला ट्रेलर जोडायचे आधीचे दोन हिच गॅरेजमध्ये पडलेले होतेच. पहिला साधा, एक गोळा आणि शेजारी ट्रेलरचं डोलणं आवरणारा एक दांडा. दुसरा गाडीच्या चारी चाकांवर वजन वाटून देणारा, दोन पोलादी सळया आणि साखळ्यांचा. दोन्ही माझ्या मोठ्या भावाने, वेल्डनने निवडले आणि त्यानेच बसवले. तिसरा सगळ्यात महागाचा, माझ्या वाढदिवसाची त्याची भेट. खोक्यावरच्या चित्रात एक आजीबाई एका हाताने गाडी चालवत हसत होत्या. मला त्यांचा राग आला.

मी मार्लिस. रॉलिन्स गावच्या शाळेची बस मी सव्वीस वर्षं चालवली. आमच्याकडे वाऱ्याने हायवेवर मोठमोठे ट्रक आडवे पडतात आणि शाळा तरीही चालू असते. एवढ्या वर्षांत माझ्या बसचा आरसासुद्धा कुठे घासला नाही. ही फुशारकी नाही. माझ्याकडे सांगण्यासारखं तेवढंच होतं.

फेब्रुवारीत वेल्डनने त्याचा सतरा फुटी ट्रेलर मला विकला. मी आणि माझा नवरा ऑरिन उन्हाळ्यात तो घेऊन ओरेगॉनचा समुद्र बघायला जाणार होतो. विकण्याआधी वेल्डनने मला एक फेरी मारायला लावली. ट्रेलर म्हाताऱ्या शहाण्या घोड्यासारखा मागून येत होता. पुढच्या कप्प्यात घोड्यांच्या खुराकाची चार पोती होती. "माझीच आहेत, नंतर काढतो," तो म्हणाला. परतल्यावर ती पोती उतरवायला मीच त्याला हात लावला.

मार्चमध्ये एल्क माउंटनच्या उतारावर, ताशी साठ मैलांच्या वेगाला, ट्रेलरने शेपूट हलवायला सुरुवात केली. आधी थोडी, मग गाडी उजवीकडे आणि ट्रेलर डावीकडे. ऑरिनने दोन्ही हातांनी समोरचा डॅशबोर्ड धरला. मी पायाखालच्या ब्रेकला हात लावला नाही, म्हणजे पाय लावला नाही, फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने दाबत वेग उतरवला आणि कडेला थांबले.

"तू स्टिअरिंग फार हलवतेस," परत येऊन सांगितलं तेव्हा वेल्डन म्हणाला. "बसमध्ये ते खपून जातं. ट्रेलर सगळं उघडं पाडतो."

"ट्रेलरमध्येच काही दोष नसेल ना?"

"नाचता येईना अंगण वाकडं," तो हसला. "सहा वर्षं ओढलाय मी तो, मार्लिस. शिकारीला, बर्फातून."

त्याने दुसरा हिच बसवला. एप्रिलमध्ये ट्रेलर पुन्हा डोलला. कमी, पण डोलला. गावातल्या हिचवाल्या अर्चुलेटाला दाखवू का, असं मी विचारलं तर वेल्डन म्हणाला, "तो लुटारू आहे. तुझी पर्स बघून दोष काढेल." मला ते पटलं. भावाचं न पटायला काय झालं होतं?

मे महिन्यात त्याच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. त्याने माझ्या कपात कॉफी ओतली आणि फार मायेने म्हणाला, "मार्लिस, साठी ओलांडली की हात पूर्वीचे राहत नाहीत. ट्रेलरमध्ये कोणी बसलेलं नसतं. बसमध्ये चाळीस पोरं असतात. बघ बाई, विचार कर."

मी विचार केला. दुसरं काही सुचेनाच. पोरं बसमध्ये चढत असताना मी माझे हात बघत बसायचे. ज्या वळणावर सव्वीस वर्षांत ब्रेक लागला नाही तिथे ब्रेक दाबायचे. शाळा संपण्याच्या आठवड्यात मी राजीनामा दिला. चर्चच्या हॉलमध्ये निरोप झाला, वेल्डनच्या बायकोने केक आणला आणि वेल्डन दोन शब्द बोलला. म्हणाला, "कधी थांबावं हे कळणारी माणसं थोडी असतात." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

ओरेगॉन राहिलंच. ऑगस्टमध्ये हा तिसरा हिच आला तेव्हा ऑरिन म्हणाला, "पुरे झालं. सगळं विकून टाक." म्हणून मी पहिल्या साध्या हिचला ट्रेलर जोडून, न उघडलेलं खोकं सोबत घेऊन, पंचवीसच्या वेगाने अर्चुलेटाच्या दुकानात गेले. तो जुना मालही घेतो.

अर्चुलेटाने खोक्याकडे पाहिलं नाही. गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवून त्याने ट्रेलरभोवती एक चक्कर मारली.

"हा वेल्डनचा ना?"

"आता माझा."

"पाण्याची टाकी अजून मागच्या पलंगाखालीच आहे?"

"हो. बॅटऱ्या आणि हत्यारांची लोखंडी पेटीसुद्धा. त्यानेच बसवलंय सगळं."

तो आतून न्हाणीघरात ठेवतात तसला वजनकाटा घेऊन आला. काट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून त्याने ट्रेलरचा पुढचा दांडा, ज्याला आम्ही जीभ म्हणतो, त्यावर टेकवला. काटा एकशे नव्वद पौंडांवर थांबला.

"साडेतीन हजार पौंड वजनाचा ट्रेलर," तो म्हणाला. "जिभेवर कमीत कमी साडेतीनशे हवेत. मागे जड आणि पुढे हलका, मग तो डोलणारच. सोन्याचा हिच लावलात तरी डोलेल. आधी वजन बघायचं, मग हिच निवडायचा."

"म्हणजे माझे हात..."

"हातांचा काय संबंध?"

त्याने चष्मा काढून परत गळ्यात सोडला.

"बाई, वेल्डनला हे मी तीन वर्षांपूर्वीच सांगितलंय, याच काट्यावर. टाकी पुढे घे, नाहीतर हायवेवर नेऊ नकोस. तो म्हणाला, कोण एवढी खटपट करणार, पुढे किती पोती टाकली की भागेल तेवढं सांग. मी म्हटलं, चार."

मी तिथल्याच एका टायरवर बसले. केसाने गळा कापणं हे मी नुसतं ऐकून होते. त्या दिवशी फेरी मारताना मला काही होऊ नये एवढी काळजी त्याने घेतली होती. नंतर ती पोती उतरवून मला हायवेवर सोडलं होतं आणि सहा महिने ताकास तूर लागू दिली नव्हती.

अर्चुलेटाने टाकी रिकामी केली, पेटी आणि बॅटऱ्या पुढे हलवल्या. काटा तीनशे ऐंशीवर आला. दुसरा हिच मी घरून आणला, तो त्याने नीट मापाने बसवून दिला, आणि मी थेट वेल्डनच्या दारात गेले. तो पोर्चवर बसला होता.

"चल, बस गाडीत," मी म्हणाले.

ट्रेलरच्या पुढे बांधलेली पेटी त्याने पाहिली आणि गाडीत बसला. आम्ही एल्क माउंटनला पोचलो. वारा आडवा होता. उतारावर मी साठ गाठले, मग पासष्ट. ट्रेलर जागचा हलला नाही.

"म्हणजे अर्चुलेटाने सांगितलं तुला," शेवटी तो म्हणाला.

"चार पोती."

"सांगणार होतो मी. आधी लाज वाटली. मग तू हातांचं मनावर घेतलंस. वाटलं, बरंच झालं, आता जपून चालवेल."

"आणि बस?"

"तू पत्र देऊन मोकळी झालीस. त्यानंतर कुठल्या तोंडाने सांगू?"

"ज्या तोंडाने भाषण केलंस त्याच. माझा रूट शाळेने जुलैत दुसऱ्याला दिला, वेल्डन."

तो म्हणाला, "माझ्यावर हवं तेवढं रागाव. पण हात चांगले आहेत तुझे. पहिल्यापासून चांगले होते. त्याचा तरी आनंद मान."

हे वाक्य कोणीतरी म्हणावं म्हणून मी पाच महिने झुरले होते. मला गाडी त्यानेच शिकवली, गवताच्या शेतात, मी तेरा वर्षांची असताना. त्यामुळे त्यानेच ते म्हणावं असंही वाटत होतं. आणि आता तो म्हणाला तर मला काहीच वाटेना. माझे हात बिघडलेत असं मी धरून चालले होते तोवर निदान मला भाऊ होता.

मी त्याला घरी सोडलं. उतरताना त्याने विचारलं, "रविवारी जेवायला येताय ना?"

"नाही," मी म्हणाले, आणि त्याने दार लावायची वाट बघितली.