कुठल्या गाढवाने केलंय हे?

गळती थांबवण्यात नानांचा हात धरणारा कोणी नव्हता. नानांचं तोंड थांबवणं मात्र कोणालाच जमलं नव्हतं. कोणाच्याही बाथरूममध्ये शिरले की ओल आलेल्या भिंतीवर टकटक करायचे, 'च्च' करायचे आणि विचारायचे, "कुठल्या गाढवाने केलंय हे काम?" त्याशिवाय थापीला हातच लावायचे नाहीत.

पण हल्ली फोन वाजेनासा झाला होता. लोक आता मोबाइलवर शोधतात, आणि तिथे सगळ्यांत वर होता नानांच्याच हाताखाली शिकलेला, पाण्याला साधा उतार न काढता येणारा एक गडी. नाना होते तिसऱ्या पानावर, जिथे खुद्द नानांशिवाय कोणी फिरकत नाही. असंच चाललं तर इतकी वर्षं सोबत असलेल्या दोघा गवंड्यांना घरी बसवावं लागणार होतं.

"रिव्ह्यू हवेत, बाबा," लेक म्हणाली.

नानांनी घरचीच फौज कामाला लावली. साडू, मेहुणा, झाडून सगळ्या आत्या. सगळ्यांनी लिहिलं, 'उत्तम काम. उत्तम माणूस.' मेहुण्याने तर भरात येऊन 'भावोजींना उदंड आयुष्य लाभो' असंही जोडलं.

लेकीने कपाळावर हात मारला. "आधी काढा हे सगळं! ही फसवणूक झाली, आणि लोक काही खुळे नाहीत. ज्यांच्याकडे काम केलंत त्यांना विचारा. काय बिघडलं होतं, तुम्ही काय केलंत, जे खरं असेल ते लिहा म्हणावं."

लोकांनी खरंच खरं लिहिलं. 'गच्चीची गळती थांबली. त्याआधी पहिल्या गवंड्याच्या सात पिढ्यांचा उद्धार ऐकावा लागला.' 'बाथरूमची ओल गेली. नातू मात्र गाढव म्हणायला शिकला.'

"अब्रू वेशीवर टांगली माझी!" नाना कडाडले.

"टांगू दे. गच्ची, बाथरूम, गळती, सगळं आलंय त्यात. शोधणारे हेच शब्द तर टाकतात."

पोरीचं खरं ठरलं. नाना हळूहळू चढत पहिल्या पानावर सगळ्यांत वर पोहोचले. फोन वाजायला लागला, आणि नाना जुन्या ताठ्यात एका आजींच्या बाथरूममध्ये जाऊन उभे राहिले. टकटक. आवाज पोकळ. 'च्च.'

"कुठल्या गाढवाने केलंय हे काम?"

"तुम्हीच की," आजी म्हणाल्या. "घर बांधलं तेव्हा. तुमचा नंबर हरवला, किती वर्षं शोधतेय! परवा नातीने मोबाइलवर बघितलं, तर सगळ्यांत वर तुम्हीच."

नानांनी कोपरा निरखला. कोपऱ्याला अंगठ्याने गोलाई देण्याची सवय त्यांचीच. सिमेंटला नावं ठेवायला जीभ वळवळली, पण आजी टक लावून बघत होत्या आणि नानांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलंच माझं," ते पुटपुटले. मग छिन्नी-हातोडी घेऊन त्यांनी जन्मात पहिल्यांदा मुकाट्याने काम केलं आणि पैशांना हात लावला नाही.

"रिव्ह्यू तेवढा नका लिहू, आजी," निघताना त्यांनी विनवलं.

"वा! खरं तेच लिहिते."

दुसऱ्या दिवशी दोघा गवंड्यांसमोरच लेकीने मोठ्याने वाचलं, 'बोलावल्याबरोबर गाढव आलं. चूक कबूल केली आणि फुकट निस्तरली. असा माणूस शोधून सापडत नाही. पाच स्टार.'

नाना कडाडायला तोंड उघडणार, तोच फोन वाजला.

"ते चूक कबूल करणारं गाढव... म्हणजे, कंत्राटदार आपणच का?" पलीकडून कोणीतरी चाचरत विचारलं.

नानांनी दोघा गवंड्यांकडे पाहिलं.

"हो, मीच," ते म्हणाले. "कुठे गळतंय?"